हवा लावून देणारा प्रेबेन

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मंडळाचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला की प्रेबेन क्राग जागचा उठायचा आणि एकेका टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. त्याला कुणी बोलवायचं नाही. तो आला की आपण एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायची लेखणी, हातात धरायचा, बटण दाबून हवा सोडायची, आणि तो डाव्या हाताने भिंतीवरच्या हवेच्या नळाची चावी फिरवायचा. काट्याकडे बघायचा, मग कागदावर एक फवारा मारायला सांगायचा. फवारा बघून चावी पुन्हा केसभर इकडे नाहीतर तिकडे. मग "हं" म्हणून पुढच्या टेबलाकडे. डेन्मार्कमधल्या आमच्या होब्रो गावच्या जुन्या डेअरीच्या तळघरात आम्ही आठ-दहा माणसं छोटी विमानं, रणगाडे, जहाजं बनवत बसायचो, आणि आमच्यातलं कुणीच आपल्या हवेचा दाब स्वतः लावत नसे. प्रेबेन लावायचा. स्वतः मात्र तो काहीच रंगवत नसे.

मी बिर्ते. दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्यातच माझी सगळी नोकरी झाली. मंडळात मी मासेमारीच्या बोटी बनवते. इतकी वर्षं तिथे मी एकटीच बाई, त्यामुळे कॉफी मीच करायची असं सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि ती मी करत नाही हेही सगळ्यांना माहीत झालेलं. प्रेबेन करायचा कॉफी. काळीकुट्ट, चमचा उभा राहील अशी.

तो मूळचा मारियागरच्या बाजूचा. बाप दुसऱ्याच्या शेतावर गडी. शाळा सुटल्यावर प्रेबेन गाड्या रंगवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला, तिथे त्याला फवारणीचं अंग आलं. पण थिनरच्या वासाने डोकं दुखायचं, म्हणून त्याने ते सोडलं आणि बस चालवायला घेतली. पुढे ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तिथला मोठा कॉम्प्रेसर त्याने भंगारात जाऊ दिला नाही. मंडळातल्या मोगेन्सचा ट्रेलर मागून घेऊन तो आमच्या तळघरात आणून टाकला, भिंतीवरून पाइप फिरवले, प्रत्येक टेबलाला नळ दिला आणि हवेतलं पाणी अडवायला काचेची बाटली बसवली. त्याआधी आम्ही प्रत्येकजण घरून आपापलं खेळण्याएवढं यंत्र घेऊन यायचो, आणि सगळी एकदम सुरू झाली की बोलणंच ऐकू यायचं नाही.

प्रेबेन फक्त बसगाड्या बनवायचा. जी जी बस त्याने चालवली तिची वीतभर लांबीची प्रतिकृती. आतल्या सीटचं कापडसुद्धा त्याच रंगाचं. आणि तेव्हा तो तोंडाने फार चालायचा. मोगेन्स विमानं बनवतो, त्याला धीर अजिबात नाही, एकाच हातात, म्हणजे एकाच थरात, सगळा रंग बसवायला बघतो. प्रेबेन त्याच्या मागे जाऊन उभा राहायचा.

"मोगेन्स, हे विमान आहे की नाताळातल्या डुकराची भाजलेली साल?"

"लांबून बघ ना. लांबून छान दिसतं."

"किती लांबून? स्वीडनमधून?"

हे सगळं त्या ऑक्टोबरच्या आधीचं.

त्या सकाळी ऊन अगदी खाली, रस्त्याच्या पातळीवर आलेलं होतं. प्रेबेनची बस स्टेशनकडच्या सिग्नलला उभी होती. हिरवा झाला, तो उजवीकडे वळला. त्याच्या उजव्या अंगाला सायकलच्या पट्ट्यातून सोल्वाय मुंकहोम सरळ चालली होती. ती गावच्या जलतरण तलावात पोहायला शिकवायची. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हाताखालून गेली होती, आणि मलासुद्धा, चाळिशी उलटल्यावर, पाण्यात डोकं घालायला तिनेच शिकवलं होतं. प्रेबेनने पोलिसांना सांगितलं की त्याला वाटलं मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं.

सोल्वाय जागच्या जागी गेली. बसमधले लोक सांगत होते की ड्रायव्हरने खाली उतरून स्वतःचा कोट तिच्यावर घातला, मग सायकल उचलली आणि ती हँडलला धरून तसाच उभा राहिला. अँब्युलन्स आली, गेली, पोलिसांनी रस्ता अडवला, तरी हा सायकल धरून उभा. शेवटी एका पोलिसाने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

चौकीत त्याला कागदी पेल्यात कॉफी दिली. तो पेला धरून बसला. समोरची बाई म्हणाली, "अहो, हात भाजतोय तुमचा." खाली बघतो तर कॉफी हातावर सांडत होती, आणि त्याला कळतच नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं, तेवढी मेली होती.

कोर्टात तो सुटला. ऊन डोळ्यांवर होतं, सायकल आरशाच्या टप्प्यात नव्हती, वेग कमी होता, असं सगळं तज्ज्ञ लोकांनी मोजून मापून सांगितलं. सोल्वायचा नवरा आस्गर शेवटच्या बाकावर बसला होता. निकाल झाल्यावर तो उठला, कोट घातला आणि निघून गेला. प्रेबेनची बायको बोडिल सांगत होती की प्रेबेनही तसाच उठला आणि तसाच कोट घालून बाहेर पडला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बटाटे संपलेत ना?" आणि दोघं बटाटे घ्यायला गेली.

बोटांसाठी त्याला ओल्बोर्गच्या इस्पितळात नेलं. तिथे सुया टोचल्या, वीज सोडली, फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, नसा उत्तम आहेत. प्रेबेन म्हणाला, "असतील." बस कंपनीने त्याला आधी गाड्या धुण्याच्या कामावर ठेवलं आणि मग लवकर पेन्शन दिलं. त्याची त्याने तक्रार केली नाही, आभारही मानले नाहीत.

मंडळात तो परत आला तेव्हा आम्हाला काय बोलावं कळेना. मोगेन्सने सगळ्यांच्या वतीने "ये" म्हटलं. प्रेबेनने कॉफी टाकली, स्वतःच्या टेबलाशी बसला, एअरब्रश हातात घेतला आणि बटणावर बोट ठेवलं. एअरब्रशचं बटण खाली दाबलं की हवा येते, मागे ओढलं की रंग. सगळा खेळ त्या बोटाच्या टोकावर असतो, तांदळाच्या दाण्याएवढ्या हालचालीत. प्रेबेनच्या बोटाला बटण लागत नव्हतं. तो खाली बघून बोट ठेवायचा आणि भसकन सगळा रंग एका जागी. दोनतीनदा तसं झालं. मग त्याने एअरब्रश धुतला, पुसला, डबीत ठेवला आणि उठून माझ्या टेबलाशी आला.

"तुझी हवा फार आहे," तो म्हणाला.

"काटा तर दीडवर आहे."

"बटण सोडलंय ना तू. आता दाब."

मी दाबलं. काटा सरकन खाली आला.

"आता खरा आकडा दिसतोय. हवा वाहत असताना लावायची. थांबलेल्या हवेचा आकडा बघून काय करायचंय?" आणि त्याने डाव्या हाताने चावी फिरवली. त्या दिवसापासून हे सुरू झालं.

त्याला हे काम आम्ही दयेने दिलं असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. त्याने लावलेल्या हवेत रंग खरंच चांगला बसायचा. दाब जास्त झाला की रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. जवळून मारलं तर रंग हवेनेच ढकलला जाऊन कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. कमी झाला की थुंकल्यासारखे ठिपके पडतात. रंग किती पातळ आहे, दिवस दमट आहे का, कोणाचा हात किती जवळ जातो, हे सगळं बघून तो ठरवायचा. फक्त आता तो मोगेन्सच्या विमानाबद्दल काही बोलत नसे. मोगेन्स मुद्दाम त्याच्यासमोर डुकराची साल करून ठेवायचा. प्रेबेन बघायचा, चावी फिरवायचा आणि पुढे जायचा.

घरी कसं चाललंय म्हणून मी एकदा बोडिलला विचारलं. दुकानात ती चीजच्या काउंटरपाशी उभी होती.

"चांगलं चाललंय गं," ती म्हणाली. "दिलं ते खातो. कचरा बाहेर नेतो. माझी बहीण वारली परवा, ते सांगितलं तर म्हणाला, हो का. आणि उठून टीव्हीचा आवाज कमी केला. आवाज कमी केला हेच खूप म्हणायचं." ती हसली आणि मग चीज न घेताच निघून गेली.

अपघाताला वर्ष उलटून गेल्यावर, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, तळघराचं दार उघडलं आणि आस्गर मुंकहोम आत आला.

गाव लहान आहे. आम्ही सगळे त्याला ओळखत होतो. पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून बसवायचा. माझा चष्मा त्याच्याच हातचा. त्याच्या काखेत एक खोकं होतं, लाल बचाव हेलिकॉप्टरचं.

"इथे रंगवायला शिकवतात ना?" त्याने विचारलं.

कॉम्प्रेसरची टाकी भरली आणि तो नेमका तेव्हाच बंद झाला. मोगेन्स उठून पुढे झाला. "आस्गर, हे बघ, गुरुवारी आमच्याकडे जरा गर्दी असते. तू सोमवारी आलास तर मी स्वतः..."

"सोमवारी मंडळ बंद असतं. दारावर लिहिलंय."

"मी उघडीन ना."

"त्याला बसू दे," प्रेबेन म्हणाला. तो कॉफीच्या भांड्यापाशी पाठमोरा उभा होता, आणि पाठमोराच राहिला. "माझं टेबल रिकामं आहे."

आस्गर प्रेबेनच्या टेबलावर बसला. त्याने खोकं उघडलं, भाग जोडायला घेतले. त्या संध्याकाळी आम्ही सगळे आपापल्या कामात इतके गुंतल्याचं दाखवत होतो की मोगेन्सने एक पंख उलटा चिकटवला.

दोन-तीन गुरुवारांनी आस्गरचं हेलिकॉप्टर रंगाला तयार झालं. तो नवीन एअरब्रश घेऊन आला होता. प्रेबेन त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, जसा आमच्या सगळ्यांच्या बाजूला राहायचा.

"बटण दाब," तो म्हणाला.

आस्गरने दाबलं.

"धरून ठेव."

हवेचा फुसफुस आवाज येत राहिला. प्रेबेनने चावी फिरवली. काटा दोनवरून हळूहळू खाली आला.

"कागदावर मार."

आस्गरने मारलं. चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, हात स्थिर होता.

"रंग दुधासारखा पातळ कर अजून. हा सायीसारखा आहे."

"बरं."

"आणि हात चालता ठेवून मग बटण ओढ. थांबलेल्या हाताने सुरू केलंस तर तिथे थेंब बसेल."

"बरं."

एवढंच. संध्याकाळभर त्या दोघांत हवा आणि रंग सोडून एक शब्द झाला नाही. घरी जाताना मोगेन्स मला म्हणाला, "मला वाटलं होतं तो ह्याला मारायला आलाय." मी म्हटलं, "मलाही." "मग आलाय कशाला?" मला काय माहीत.

उरलेला हिवाळा असाच गेला. आस्गर दर गुरुवारी यायचा. हेलिकॉप्टर झालं, मग एक जहाज झालं. कधी तो येताना बेकरीतून दालचिनीचे रोल आणायचा आणि टेबलाच्या मधोमध पिशवी फाडून ठेवायचा. प्रेबेन त्यातला एक घ्यायचा. दोघं शेजारी बसून खायचे. मी माझ्या बोटीचे दोर ओवता ओवता त्यांच्याकडे बघायचे. आस्गरच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखसुद्धा दिसायचं नाही. दातांच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन बाहेर बाकावर बसलेले लोक असतात ना, गाल आपला आहे की नाही हे बोटाने चाचपून बघणारे, तसे दोघं दिसायचे.

बिघडलं ते एका साध्या प्रश्नाने. प्रेबेनच्या टेबलावर, भिंतीकडच्या फळीवर, त्याच्या सगळ्या बसगाड्या रांगेत होत्या. शेवटची नुसत्या राखाडी प्रायमरच्या अस्तराची, रंग न दिलेली. खिडक्यांना रंग लागू नये म्हणून कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्या पिवळ्या पडून कडेने सुटायला आल्या होत्या. वसंतात एकदा आस्गर रंगाची बाटली शोधत होता, त्याने ती बस हातात घेतली.

"ही का नाही रंगवली?"

प्रेबेन म्हणाला, "हिचं काम तेव्हाच चालू होतं."

"तेव्हा म्हणजे?"

"ऑक्टोबरमध्ये."

"कोणती बस आहे ही?"

प्रेबेन खोटं बोलू शकला असता. त्याच्या फळीवर एकसारख्या दिसणाऱ्या चार बसगाड्या होत्या. त्याने आस्गरकडे बघितलं आणि म्हणाला, "तीच. शेवटी माझ्याकडे तीच होती."

आस्गरने बस दोन्ही हातांनी धरलेली होती. आता तो ती आपटणार असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आपटली असती तर सुटल्यासारखं झालं असतं. त्याने ती वाकून बघितली. उजवी बाजू वळवून घेतली. बराच वेळ तो मागच्या चाकाकडे बघत होता. मग बस होती तिथे नीट ठेवली, एअरब्रश धुतला, कोट घातला आणि गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मोगेन्स चिडला. "अरे, काही दुसरं सांगता आलं नसतं तुला? भंगारात काढलेली कुठली तरी म्हणायचं!"

"त्याने विचारलं," प्रेबेन म्हणाला.

"विचारलं म्हणून काय झालं?"

"त्याने विचारलं, मोगेन्स." आणि तो पुढच्या टेबलाची हवा लावायला गेला.

चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून मी आस्गरच्या दुकानात गेले. खरं तर काडी मीच ढिली केली होती. त्याने ती घट्ट करून दिली, काचा पुसल्या, माझ्या नाकावर चष्मा बसवून बघितला.

"मंडळात दिसला नाहीस," मी म्हटलं.

"हो."

"येणार आहेस का?"

त्याने कापडाची घडी घातली. "बिर्ते, तुला खरं सांगू? पहिल्या दिवशी मी त्याला बघायला आलो होतो. कोर्टात मला त्याची नुसती मान दिसत होती. मला बघायचं होतं की ह्या माणसाला काही होतं की नाही. रडतो का, झोप लागते का, काही होतं का."

"मग?"

"मग काय. मला जेवढं होतं तेवढंच त्याला होतं. म्हणजे काहीच नाही." तो बाहेर रस्त्याकडे बघत होता. "मला वाटलं होतं हे फक्त माझंच झालंय. तिचे कपडे मी दान केले, बिर्ते. एका दुपारी, सगळे. पिशव्या भरताना मी रेडिओवर फुटबॉलची मॅच ऐकत होतो. आपला संघ जिंकला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं."

माझा चष्मा छान बसला होता.

मे महिन्यात रानातल्या बीच नावाच्या झाडांना पालवी फुटली आणि त्याच आठवड्यात आस्गर परत आला. सरळ प्रेबेनच्या टेबलाशी गेला, फळीवरून राखाडी बस काढली आणि मधोमध ठेवली.

"रंगव ही," तो म्हणाला.

"मला नाही येत आता. बोटाला बटण लागत नाही."

"मग हवा लाव. मी रंगवतो."

प्रेबेनने त्याच्याकडे बघितलं. "पिवळा आहे. पिवळा फार त्रास देतो. पांढऱ्यावर मारायला लागतो, आणि पातळ, चारपाच हात."

"मला वेळ आहे."

"मलाही आहे," प्रेबेन म्हणाला.

त्यांनी जुन्या पट्ट्या काढून खिडक्यांना नव्या लावल्या. पांढरा बसला. मग पिवळा मिसळला, प्रेबेनने तो काडीने ढवळून, काडी उभी धरून थेंब कसा पडतो ते बघितलं. आस्गरने बटण दाबलं, प्रेबेनने चावी फिरवली. "थांब. अजून थोडी कमी. आता मार."

पहिला हात खरखरीत आला. आम्ही सगळे बघत नसल्यासारखे बघत होतो. मोगेन्सच्या तोंडून "साल" निघता निघता राहिलं.

"हात लांब राहतोय तुझा," प्रेबेन म्हणाला. "तू हात मागे घेतोस."

"मी नाही घेत."

"घेतोस. मागच्या चाकापाशी आलास की घेतोस. रंग पोचेपर्यंत सुकतो."

प्रेबेनने बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून त्याच्या पुढ्यात ठेवला. आस्गरने तो भाग घासला, पुसला. प्रेबेनने हवा अजून कमी केली, काटा एकच्याही खाली आणला.

"आता जवळ जाऊन मारलंस तरी ओघळणार नाही. मी हवा कमी केलीय. जवळ जा."

आस्गर जवळ गेला. मागच्या चाकावरून त्याने हात सावकाश पुढे नेला, परत आणला. फुसफुस आवाज चालू होता, आणि प्रेबेनचा डावा हात चावीवरच होता. पिवळा रंग ओला, सपाट, काचेसारखा बसला.

"हं," प्रेबेन म्हणाला.

त्यानंतर काही झालं नाही. कुणी कुणाला मिठी मारली नाही. दोघांनी एअरब्रशचे भाग सुटे करून थिनरमध्ये धुतले, आस्गरने विचारलं कॉफी उरली आहे का, आणि कॉफी उरली होती. दुसऱ्या दिवशी बोडिलचा मला फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"रडला का गं तो?"

"नाही."

"दुसरा?"

"नाही. त्याने साखर मागितली."

ती म्हणाली, "असू दे. साखर तर साखर."

बस पूर्ण व्हायला जून लागला. बाजूच्या हिरव्या पट्ट्या, दिवे, आरसे. आरसे प्रेबेनने चिमट्याने, डाव्या हाताने लावले. उजव्या बाजूचा लावताना तीनदा पडला आणि तिन्ही वेळा आस्गरने तो खाली वाकून शोधून दिला. पुढे मार्गाचा आकडा लिहायची वेळ आली तेव्हा प्रेबेन म्हणाला कोराच ठेवू, आणि आस्गर म्हणाला नाही, होता तो लिही.

उन्हाळा संपताना विबोर्गला अशा छोट्या प्रतिकृतींचं एक प्रदर्शन होतं. आम्ही मोगेन्सच्या गाडीतून जाणार होतो, पण ती आदल्या दिवशी बिघडली. मोगेन्सला त्याची लाज वाटण्यापेक्षा विमानांची काळजी जास्त.

"बसने जाऊ," आस्गर म्हणाला.

सगळ्यांनी प्रेबेनकडे बघितलं. त्या ऑक्टोबरनंतर तो बसमध्ये बसला नव्हता. गावात सगळीकडे चालतच जायचा, पावसातसुद्धा.

"खोकी मांडीवर धरावी लागतील," प्रेबेन म्हणाला.

आम्ही स्टेशनवरून चढलो. ड्रायव्हर तरुण होता, प्रेबेनला ओळखत नव्हता. बस गावाबाहेर पडली, शेतं लागली, कापलेल्या बार्लीचे भारे उन्हात पडलेले होते. प्रेबेन खिडकीशी बसला होता, शेजारी आस्गर, आणि बसचं खोकं आस्गरच्या मांडीवर. मी त्यांच्या मागे. थोड्या वेळाने बघते तर प्रेबेनचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड उघडं. तो घोरत होता. रस्ता उंचसखल आला की डोकं काचेवर आपटायचं, तरी जाग येत नव्हती.

मोगेन्स मागे वळून काहीतरी विनोद करणार होता. आस्गरने त्याला हाताने गप्प बसवलं. मग खोकं एका हाताने सावरून त्याने स्वतःचा स्कार्फ काढला, त्याची घडी केली आणि काच आणि प्रेबेनचं डोकं यांच्या मधे सरकवली.

विबोर्ग आलं तेव्हा त्याला आस्गरनेच हलवून उठवलं. "उतरायचंय," तो म्हणाला.

"कुठे आलो?" प्रेबेनने विचारलं.

"विबोर्ग."

प्रेबेनने डोळे चोळले, स्कार्फ बघितला, तो कुणाचा हे विचारलं नाही, आणि नीट घडी करून परत दिला. आम्ही उतरलो. प्रदर्शनात आमच्यातल्या कुणालाच बक्षीस मिळालं नाही. संध्याकाळी त्याच बसने परत आलो आणि प्रेबेन येतानाही झोपला. बोटांचं मात्र काही बदललं नाही. ती तशीच राहिली, अजून आहेत. गुरुवारी तो अजून येतो, डाव्या हाताने हवा लावतो. फक्त मागच्या महिन्यात मोगेन्सचं नवं विमान बघून तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "स्वीडनमधूनही दिसेल हे." मोगेन्सने एअरब्रश खाली ठेवला. प्रेबेन पुढच्या टेबलाकडे गेला.